मी लिहिलं होतं, "कुठेही चालेल"

गेल्या शनिवारी जपानमधल्या सेंदाईत, माझ्या खोलीत बसून मी टेक्सासमधल्या एका रस्त्याने चालत गेले... आणि घाबरून लॅपटॉप बंद केला.

चालत म्हणजे ऑनलाइन नकाशावर, रस्त्याचे फोटो एकेक करून पुढे सरकवत. नवीन ऑफिसपासून जवळात जवळच्या अपार्टमेंटपर्यंत. थोडा वेळ फूटपाथ होता, मग तो गवतात जाऊन संपला. पुढे नुसता रुंद रस्ता, गाड्या आणि गाड्यांची दुकानं. इतकं अंतर गेले, पण पायी चालणारं एकही माणूस दिसलं नाही. मला तर स्कूटीसुद्धा नीट चालवता येत नाही...

मी इथे बॅटरीवर संशोधन करते. शिक्षण संपत आलंय आणि अमेरिकेतल्या एका कंपनीत नोकरी मिळालीय. त्यांची ऑफिसं तीन ठिकाणी आहेत. टेक्सासमधलं एक छोटं शहर, न्यू जर्सी आणि पिट्सबर्ग. माझी होणारी मॅनेजर लिंडा, तिने मेलवर विचारलं होतं की तुला कुठे राहायला आवडेल?

मी उत्तर पाठवलं, "कुठेही चालेल."

खरं सांगायचं तर हा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारलाच नव्हता. आमच्या घरात मी पहिली ग्रॅज्युएट. कॉलेज कुठलं? जिथे गावातून थेट एसटी जाते ते. जपान का? स्कॉलरशिप इथली मिळाली म्हणून. मी कधी ठिकाण निवडलं नाही, मिळालं तिथे मन लावून अभ्यास केला.

त्यात इथली सवय. आमच्या लॅबमध्ये जेवायला कुठे जायचं असं कुणी विचारलं, की आधी "कुठेही चालेल" म्हणायचं असतं. मग लॅबमधले सीनियर ताकाहाशी-सान पुन्हा विचारतात, तोंडाकडे बघतात आणि हळूच ओळखतात की हिला मासे नकोत. मला वाटलं, लिंडाही अजून एकदा विचारेल...

तिने नाही विचारलं. "छान! मग टेक्सास पक्कं, तिथेच माणसं कमी आहेत," असं दोन ओळींचं उत्तर आलं. सोबत पहिल्या आठवड्याचं वेळापत्रक. त्यात एका ट्रेनिंगचा विषय होता, ऑफिसात कुणी गोळीबार केला तर काय करायचं.

ती ओळ मी परत परत वाचली. भूकंपाची मला आता भीती वाटत नाही. जमीन हलली की टेबलाखाली जायचं, मग ठरलेल्या शाळेच्या मैदानात जमायचं, हे अंगवळणी पडलंय. पण तिथे माणसाला घाबरायचं होतं... आणि घाबरून बाहेर पडले तरी जायचं कशाने? बस नाही, सबवे नाही, सायकलसुद्धा नाही.

शेवटी टोकियोत, एदोगावाला राहणाऱ्या अनघाताईला फोन केला. जपानला येण्याआधी ती काही वर्षं अमेरिकेत होती.

"काय लिहिलंस तू? कुठेही चालेल?" ती ओरडलीच. "अगं, कांदेपोह्यांना बसली होतीस का? 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणायला! तिकडे बोललेलं खरं धरतात गं बाई."

"मग आता?"

"आता काय, सांग सरळ. आणि न्यू जर्सी माग. गणपती, वाणसामान, सगळं मिळेल."

"पण मला ज्या स्वस्त बॅटरीवर काम करायचंय ना ताई, ते पिट्सबर्गला चालतं. लॅबच्या दारात बस थांबते. मी नकाशावर बघितलंय."

"बघितलंयस? म्हणजे तुझं ठरलंय की! मग मला कशाला फोन केलास, बावळट?"

खरंच ठरलं होतं. फक्त तोंडातून निघत नव्हतं.

मंगळवारी सकाळी लिंडाशी व्हिडिओ कॉल होता. दिलेला शब्द फिरवते म्हणून नोकरीच काढून घेतली तर? घरी काय सांगू? ही मुलगी कटकटी आहे, असं तिला वाटलं तर?

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. मला गाडी येत नाही, मला भीती वाटते, माझ्या आवडीचं काम पिट्सबर्गला आहे, मला तिथे यायचंय.

पलीकडे शांतता...

इथे मीटिंगमध्ये अशी शांतता पडली, की तो बहुतेक नकार असतो. मी लगेच माघार घेतली. "पण तुम्हाला अडचण असेल तर टेक्साससुद्धा..." इथपर्यंत बोललेही होते.

"थांब, थांब," लिंडा म्हणाली, "मी टाईप करतेय... हं, झालं. पिट्सबर्ग. हे आधीच का नाही सांगितलंस?"

बस्स. एवढंच! मी हसले की रडले, मला नक्की आठवत नाही.

संध्याकाळी घरी फोन लावला. आईला 'पिट्सबर्ग' काही केल्या म्हणता येईना. मग तिने विचारलं, "कंपनीनं धाडलं का तूच निवडलंस?"

"मीच निवडलं, आई."

ती मग म्हणाली, "मी तर हे गाव लग्नानंतर गाडीतून उतरल्यावरच पाहिलं."

भीती अजून आहे. तिथली थंडी, एकटेपणा, ते ट्रेनिंग, सगळ्याची आहे. रात्री दचकून जागही येते. पण आई, तू घाबरत घाबरत जिथे उतरलीस, तिथेच राहून मला शिकवलंस... म्हणून आज मला कुणीतरी विचारतंय, कुठे राहायला आवडेल.