बिनतारी जेवणाचं टेबल

माझे यजमान रेल्वेच्या विद्युत विभागातून निवृत्त झाले. सगळी नोकरी तारा जोडण्यात गेली, आणि घरी बसल्यावर त्यांनी तारांशीच वैर धरलं. घाटावरच्या मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या गल्लीत मान वर केली की आभाळाआधी तारांची जाळी दिसते आणि तिच्यावर झोके घेणारी माकडं. त्यामुळे त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

"पुढे घरात एक तार दिसणार नाही," ते एकदा चहा पिताना म्हणाले. "वीज हवेतून येईल. मिक्सर नुसता ओट्यावर ठेवायचा, की सुरू!"

"सध्या तारेतून येते ती तरी दिवसभर टिकू दे," मी म्हटलं.

आठवड्याभरात पार्सल आलं. त्यात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी होती. एक त्यांनी जेवणाच्या टेबलाखाली बसवलं, दुसरं एका दिव्याच्या बुडाशी. दिवा टेबलावर ठेवला आणि खरंच लागला! वीतभर बाजूला सरकवला की विझायचा, पण एवढ्यातेवढ्याकडे शास्त्रज्ञ लक्ष देत नाहीत. टेबलाखालून एक जाड वायर भिंतीपर्यंत गेली होती, तिच्यासाठी नवा एक्स्टेंशन बोर्ड आला होता. बिनतारी वीज आल्यापासून घरात दोन वायरी वाढल्या. हे मी बोलून दाखवलं नाही. संसार टिकवायचा असतो.

दूधवाला बघून गेला, "ई त कमाल हौ, भइया!" म्हणाला. माझे सासरे मात्र बराच वेळ दिव्याकडे बघत राहिले. ते वैदिक, अजूनही सकाळी विद्यार्थ्यांना संथा देतात. गेल्या वर्षी त्यांच्या छातीत पेसमेकर बसवलाय.

"वीज दिव्यात जायचं हे तिला कसं कळतं?" त्यांनी विचारलं.

"बाबा, ते फिजिक्स आहे," यजमानांनी उत्तर दिलं. म्हणजे विषय संपला.

श्रावणातल्या मंगळवारी माझ्याकडे हळदीकुंकू होतं. मी दिवा उचलून कोनाड्यात ठेवला आणि त्याच्या जागी पेढ्यांचं स्टीलचं ताट मांडलं. बोर्डाचं बटण चालूच आहे हे कुणाच्या ध्यानात राहणार? नदीपलीकडच्या रामनगरहून आलेल्या माझ्या मैत्रिणीने ताट उचललं आणि किंचाळून सोडून दिलं. ताट तव्यासारखं तापलं होतं. पेढे जमिनीवर, तिच्या बोटांना फोड.

हे धावत आले, ताटाला हात लावून पाहिला आणि उजळलेल्या चेहऱ्याने म्हणाले, "अरे वा! म्हणजे पॉवर चांगलीच पोचते!"

मैत्रिणीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते जरा मागे सरले. "फक्त स्टीलचं भांडं ठेवायचं नाही, एवढंच," ते पुटपुटले. माझ्या स्वयंपाकघरात स्टीलशिवाय दुसरं आहे काय?

तिच्या बोटांवर गार पाणी ओतता ओतता माझ्या मनात आलं, ताट एवढं तापतं, तर मामंजींच्या छातीतल्या यंत्राचं काय? मी लगेच हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला.

"कंपनी का चार्जर भी हम सीने से दूर रखवाते हैं," ते म्हणाले. "और ये तो घर का बना है! बंद कीजिए, और बाबूजी को आज ही दिखा दीजिए."

मी सांगताच यजमानांनी बोर्डाचं बटण बंद केलं. रिक्षात ते वडिलांचा हात धरून बसले होते. तपासणीत यंत्र ठीक निघालं.

"अरे, काही होणार नव्हतं," मामंजी मुलाला म्हणाले. "पेसमेकरचं पुस्तक मी वाचलंय. पहिल्या दिवसापासून खुर्ची हातभर मागे घेऊन जेवतोय."

"मग बोलला का नाहीत?" यांनी विचारलं.

"तू निवृत्तीनंतर पहिल्यांदा एवढा खूश दिसलास."

मी इतके दिवस त्यांच्या धोतरावरचे आमटीचे डाग वयाच्या खाती टाकत होते. मलाच शरम वाटली.

घरी येताच यांनी वेटोळं काढून माळ्यावर टाकलं. आता कुणी पाहुणा बिनतारी विजेचं कौतुक करू लागला, की हे तिचे धोके तासभर समजावून सांगतात, आणि अशा अधिकाराने, की तो फोड जणू यांच्याच बोटाला आला होता.