तेरा लाल गोट्या

मंगळवार, ११ जानेवारी २००५. सकाळी सात वाजता नळाला पाणी आलं, पावणेआठला गेलं. गॅसचं सिलिंडर आलं. उत्कर्षा साडेआठला ऑफिसला गेली, डबा विसरली. पेपरात बातमी: मोरपीस पेन वर्क्सची बंद इमारत चित्रकार, शिल्पकारांना कामासाठी देणार. उद्घाटन मार्चमध्ये. जुन्या कामगारांनी वस्तू आणि आठवणी घेऊन यावं असं आवाहन. फोन नंबर दिला आहे. चार वाजता फोन केला.

डायरीत एवढंच आहे. फोन फिरवताना दोनदा नंबर चुकला, हे नाही. कॅम्पातल्या ज्या कॉन्व्हेंटमध्ये कौशल्याबाई शिकल्या, तिथल्या एका सिस्टरनं नववीच्या मुलींना डायरी लिहायला लावली होती आणि एकच नियम घालून दिला होता. घडलं ते लिहायचं, वाटलं ते देवाला सांगायचं. कौशल्याबाईंनी चोपन्न वर्षं पहिला भाग तंतोतंत पाळला. दुसऱ्या भागाचं म्हणाल, तर गेल्या अकरा वर्षांत देवाला सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं. जे होतं ते त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवलं होतं.

त्यांचे यजमान रंगनाथराव मोरपीसमध्ये निब तपासायला होते. येरवड्याच्या पुढे, नगर रस्त्यावरून आत वळलं की लांबलचक बैठा कारखाना, त्याला करवतीच्या दातांसारखं छप्पर आणि त्यातून उत्तरेचा उजेड. त्या उजेडात बसून प्रत्येक निब शाईत बुडवायची, कागदावर आडवा आठाचा आकडा काढायचा. रेघ कुठं अडखळली तर निब बाद. एकतीस वर्षं हा माणूस दिवसभर आठाचे आकडे काढत होता आणि घरी येऊन म्हणायचा, "आज हात छान चालला."

निबांना सोन्याचं पाणी दिलेलं असे, म्हणून गेटवर झडती होती. रोज प्रत्येकाची झडती घ्यायला वेळ कुठला? म्हणून मालकांच्या वडिलांनी एक रीत घातली होती. सुटताना रखवालदाराच्या पिशवीत हात घालायचा. आत तेरा लाकडी गोट्या, बारा पांढऱ्या आणि एक लाल. पांढरी आली तर घरी जा. लाल आली तर डबा उघडून दाखवा. कुणाला राग नाही, कुणावर संशय नाही, नशिबाचा खेळ. कामगार त्यावर चहाच्या पैजा लावत.

मग बॉलपेनं आली, परदेशी पेनं आली, आणि वडिलांच्या जागी आलेल्या सुदर्शन खांबेट्यांना कारखान्यापेक्षा कारखान्याखालची जमीन जास्त आवडू लागली. १९९४च्या फेब्रुवारीत एका रविवारी घासाईची दोन यंत्रं ट्रकमध्ये चढली. सोमवारी सगळ्यांसमोर एकट्या रंगनाथरावांनी विचारलं, "साहेब, यंत्रं दुरुस्तीला गेली की विकली?"

साहेब हसले. म्हणाले, "रंगनाथ, तू तुझे आठ काढ."

त्या शुक्रवारी, १८ तारखेला, रंगनाथरावांच्या हातात लाल गोटी आली. जेवणानंतर सगळ्यांचे रिकामे डबे गेटच्या फळीवर ठेवलेले असत, तिथून त्यांनी आपला उचलला आणि उघडला. आत कागदाची पुडी, पुडीत बारा निबा. साहेब नेमके गेटवर हजर होते. दोनशे माणसांसमोर ते म्हणाले, "एकतीस वर्षं झाली म्हणून दया करतो. पोलिसांत देत नाही. नोंदवहीत सही कर आणि जा."

रंगनाथराव एवढंच म्हणाले, "ही मी ठेवलेली नाही." मग सही केली आणि आले.

त्यानंतर त्यांनी घरात पेन हातात धरलं नाही. वाण्याची यादीसुद्धा कौशल्याबाई लिहायच्या. नारायण पेठेत कारखान्यातल्या माणसांची चार घरं होती, त्या रस्त्यानं ते जायचे बंद झाले. शहाण्णवच्या ऑगस्टमध्ये गेले. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिलं. कौशल्याबाईंनीही डायरीत तेच उतरवलं.

आणि नव्व्याण्णवमध्ये गेटवरचा रखवालदार दत्तोबा, काठी टेकत, दोन जिने चढून आला. खुर्चीवर बसेना. उंबऱ्याजवळ उकिडवा बसला आणि कनातीच्या हिरव्या कापडाची पिशवी त्यानं जमिनीवर ठेवली.

"वैनी, त्या दिशी समद्या लाल व्हत्या."

"काय?"

"साह्यबानं रंगाचा डबा दिला. म्हनला, रंगव. बाराच्या बारा रंगवल्या म्या. रंगनाथभाऊ आलं की ही पिशवी म्होरं करायची, बाकीच्यास्नी दुसरी. पुडी बी मीच ठिवली डब्यात. मागनं साह्यब म्हनला, पिशवी जाळ. न्हाई जाळली. हात उचलंना." मग थोड्या वेळानं, "माफ करा म्हनायला आलोय."

कौशल्याबाईंनी त्याला चहा दिला. माफ केलं नाही. पिशवी कपाटात ठेवली, कुलूप घातलं. महिन्याभरात दत्तोबा गेला. आता साक्षीला राहिली ती लाकडाची खेळणी. ती पोलिसांत नेऊन काय उपयोग, हे त्यांना कळत होतं. त्यांनी वाट पाहिली.

तर जानेवारीतला तो फोन अफशीननं उचलला. मोमीनपुऱ्यातली, मातीची शिल्पं करणारी, तिशीतली मुलगी. बारा कलाकारांना जमवून तिनं ती जागा पाच वर्षांच्या करारानं घेतली होती. आयटी कंपनीसाठी जमीन द्यायला खांबेट्यांच्या भावाभावांतला दावा आड येत होता. तोवर इमारत रिकामी ठेवण्यापेक्षा कलाकारांना दिली की नाव होतं आणि कुणी आत घुसतही नाही, असा साहेबांचा हिशेब.

कौशल्याबाई दुसऱ्याच दिवशी गेल्या. छपरातून पिंपळ उगवला होता, कबुतरांनी जमीन पांढरी केली होती. पुढचे दोन महिने आठवड्यातून तीनदा त्या बसनं जात राहिल्या. मुलामुलींनी फावड्यानं घाण काढली, काचा बसवल्या, मुलामा देण्याच्या खोलीत भट्टी बांधली, कँटीनमध्ये नाटकाच्या तालमीला जागा केली. निब तपासायच्या खोलीत, उत्तरेच्या उजेडात, चित्रकारांचे चित्रं टेकवायचे लाकडी घोडे उभे राहिले. त्या भिंतीवर शाईचे बारीक शिंतोडे होते. एकजण चुन्याचा ब्रश घेऊन आला तेव्हा कौशल्याबाई म्हणाल्या, "ही भिंत राहू दे." का ते सांगितलं नाही. अफशीननं विचारलंही नाही. भिंत राहिली.

गेटवरच्या केबिनमध्ये, मोडक्या टेबलाच्या खणात, नोंदवही सापडली. शेवटचं लिहिलेलं पान १८ फेब्रुवारीचं. "डब्यात सोन्याच्या निबा, पुडी १." खाली रंगनाथरावांची सही. त्याखाली सगळं पान कोरं. त्या प्रकारानंतर कुणी पिशवीत हात घालायला तयार नव्हतं आणि साहेबांचंही काम झालं होतं.

कौशल्याबाईंना हवं होतं ते त्या कोऱ्या जागेत मावणारं होतं. एक ओळ आणि एक सही.

"काकू, तुम्ही सांगितलेली ही गोट्यांची आयडिया मस्त आहे," अफशीन म्हणाली. "उद्घाटनाला आलेल्या लोकांनी जाताना गोटी काढायची. लाल आली तर पिशवी उघडून टेबलावर मांडायची, आपण फोटो काढायचा. तेच आपलं पहिलं प्रदर्शन. गेटवर कोण बसणार?"

"मी बसते. म्हातारीला कुणी नाही म्हणत नाही. आणि सत्काराच्या पिशव्याही मीच भरते. तुम्ही मुलं नारळाची शेंडी ठेवायला विसरता."

करार त्यांनी अफशीनकडून मागून घेतला आणि भिंग धरून तीनदा वाचला. नोंदलेला होता. पाच वर्षांच्या आत मालकाला मोडता येईल असं कलम नव्हतं. मुलांच्या डोक्यावरचं छप्पर जाणार नाही याची खात्री झाल्यावरच त्यांनी कपाटाचं कुलूप काढलं.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी उत्कर्षानं पाहिलं, आई बाबांचा डबा पुसत होती. ती कल्याणीनगरला सॉफ्टवेअर कंपनीत. रोज त्या रस्त्यानं जाई, पण त्या वळणावर मान फिरवत नसे.

"आई, बाबांनी सोडून दिलं होतं."

"त्यांनी सोडलं नव्हतं. त्यांना सोडायला लावलं होतं."

"काय मिळणार आहे तुला?"

"उद्या तू गाडीनं ने, नाहीतर मी बसनं जाते. प्रश्न विचारायला रस्त्यात भरपूर सिग्नल आहेत."

रविवार, २० मार्च. दोनेकशे माणसं आली. सुदर्शन खांबेटे सत्तरीचे झाले होते, केस काळे केलेले, खादीचा झब्बा. भाषणात म्हणाले, "कामगार म्हणजे माझं कुटुंब होतं. या भिंतींना विचारा." टाळ्या झाल्या. भिंती काही बोलल्या नाहीत. सत्कार झाला, शाल, श्रीफळ, कापडी पिशवी.

मग लोक गेटकडे निघाले. कौशल्याबाई केबिनच्या खिडकीत अफशीननं शिवलेली नवी पिशवी घेऊन बसल्या होत्या. पांढऱ्या, पांढऱ्या, एखादी लाल. एका बाईच्या पर्समधून तीन चष्मे निघाले, हशा झाला. वातावरण जत्रेसारखं झालं होतं.

साहेब आले. कौशल्याबाईंनी नवी पिशवी मांडीवर ठेवली, पायाशी ठेवलेली हिरवी उचलली.

"या साहेब. मालकांनीही काढायची."

"अरे वा, आमचीच रीत आमच्यावर!" साहेबांनी हसत हात घातला. लाल.

टेबलाभोवती लोक गोळा झाले. कॅमेरा पुढं आला. साहेबांनी ऐटीत पिशवी रिकामी केली. शाल, नारळ, पेढ्यांचा पुडा, आणि तळाशी स्टीलचा जुना डबा.

"हा कुठला?"

"उघडा ना."

उघडला. कागदाची पुडी. पुडीत बारा निबा. बोहरी आळीतल्या जुन्या पेनांच्या दुकानातून कौशल्याबाईंनी त्या एकेक शोधून आणल्या होत्या.

"ही मी ठेवलेली नाही," साहेब म्हणाले.

"हो का? माझे यजमानही अगदी हेच म्हणाले होते." त्या उठून उभ्या राहिल्या. "रंगनाथराव. आठवतात? आठ काढायचे."

साहेबांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त रिकामं झालं. "बाई, गंमत पुरे. योगायोग असतो."

"मग ती आत टाका आणि पुन्हा काढा. नशिबाचा खेळ आहे."

दोनशे माणसं पाहत होती. साहेबांनी काढली. लाल. ती आत टाकून पुन्हा काढली. लाल. कौशल्याबाईंनी तीही आत टाकली आणि पिशवी टेबलावर उलटी केली. तेरा गोट्या घरंगळल्या. जुना रंग जागोजागी उडाला होता आणि त्याखालून पांढरा दिसत होता.

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "ही पिशवी... ही तर दत्तोबाला मी जाळायला सांगितली होती!"

बोलून गेल्यावर त्यांना ऐकू आलं. बाकीच्यांना आधीच आलं होतं. गर्दीत मागं उभा असलेला घासाई खात्यातला एक म्हातारा कामगार हळूच म्हणाला, "अरे देवा. म्हणजे रंगनाथनं खरंच ठेवली नव्हती." आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

कौशल्याबाईंनी नोंदवही पुढं सरकवली. रंगनाथरावांच्या सहीखाली त्यांच्या ठसठशीत कॉन्व्हेंटी वळणात ओळ लिहून तयार होती: "२० मार्च २००५. सुदर्शन खांबेटे. डब्यात निबा, पुडी १."

"सही करायची असते, साहेब."

"मी करणार नाही!"

"त्यांनी केली होती. नोकरांनी करायची आणि मालकांनी नाही, असं वहीत कुठं लिहिलंय? मी तर सगळी वाचली."

साहेबांनी गेटकडे पाहिलं. गेट उघडंच होतं, कुणी अडवलं नव्हतं. पण मध्ये माणसं होती, आणि ती बाजूला होत नव्हती. कॅमेरा चालूच होता. "गंमत आहे, गंमत," असं पुटपुटत त्यांनी पेन घेतलं. मोरपीसचं जुनं पेन. सही केली. रेघ कुठंही अडखळली नाही.

कौशल्याबाईंनी शाई टिपकागदानं टिपली. मग अकरा वर्षं जपून ठेवलेलं वाक्य त्यांनी शांतपणे, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं. "वयाकडे पाहून दया करते. पोलिसांत देत नाही. जा."

साहेबांची गाडी गेल्यावर अफशीन केबिनमध्ये आली. रागानं तिचे डोळे भरले होते. "काकू, मला सांगायचं तरी! आमचा पहिला दिवस होता. उद्या पेपरात काय येईल, आमची कामं?"

"सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"म्हणाले असते."

"म्हणून." मग जरा थांबून, "तुझा दिवस घेतला मी. ते खरं आहे. त्याची माफी मागते. बाकी कशाची नाही."

अफशीननं गोट्या एकेक वेचून टेबलावर पुन्हा पसरल्या, नोंदवही त्या पानावर उघडी ठेवली आणि वर काच ठेवली. "हे इथंच राहील," ती म्हणाली. "पाच वर्षं तरी."

गाडीत बंडगार्डनच्या सिग्नलला उत्कर्षा म्हणाली, "आई, त्यानं जे केलं तेच तू केलंस."

"हो. तेवढंच. जास्त काही नाही."

"बरं वाटलं?"

कौशल्याबाईंनी खिडकीतून नदीकडे पाहिलं. "फार बरं वाटलं," त्या म्हणाल्या. सिग्नल सुटला.

त्या रात्री डायरीत त्यांनी किती माणसं आली ते लिहिलं, किती वाजता सही झाली ते लिहिलं, संध्याकाळी तो म्हातारा कामगार दारापर्यंत आला आणि चहा न घेता गेला हे लिहिलं. शेवटची ओळ अशी आहे: यांचा डबा परत आणला. घासून पालथा घातला. उद्यापासून उत्कर्षाला हाच देईन, झाकण नीट बसतं.