आधी काकूंचा कूलर

जूनमधला दुसरा रविवार, सकाळची वेळ. ठिकाण प्रताप नगरातली आमची इमारत: खाली पार्किंग, वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर एक फ्लॅट पुढे, एक मागे. हजर: मी (सोसायटीची सेक्रेटरी), खांद्यावर दोराचं वेटोळं घेतलेले माझे यजमान, पहिल्या मजल्यावर आमच्या दारासमोर राहणाऱ्या काकू, त्यांचा मुलगा, सून आणि नात, तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका, कूलर उतरवायला बोलावलेले दोन मिस्त्री. गैरहजर: दुसऱ्या मजल्यावर मागे राहणारे भाडेकरू. ते सुट्टीत गावी गेले होते आणि किल्ली माझ्याकडे होती. पुढचे वरचे दोन्ही फ्लॅट कुलूपबंद.

कोणतंही सामायिक काम काढलं की मी आधी हजेरी घेते. घरचे हसतात. त्या दिवशीही हसले.

काम होतं मागच्या बाजूचे तिन्ही कूलर उतरवायचं. आमच्याकडे कूलर म्हणजे लोखंडी पत्र्याचा, माणसाच्या छातीइतका उंच, खाली पाण्याची टाकी असलेला. मार्चअखेर तो गॅलरीत चढतो आणि पाऊस नीट लागला की उतरतो. मधले तीन महिने गवताच्या ताट्यांमधून पाणी ठिबकत राहतं आणि गॅलरीची जमीन ओली ती ओलीच. आमच्या इमारतीत तर सगळ्यांनी टाकीला वरून नळ जोडून घेतलेला. बादल्या भरायचा त्रास वाचला, पण रात्री टाकी भरून वाहते ते कोणाला दिसत नाही. इमारत उभी राहिल्यापासून प्रत्येक उन्हाळ्यात हे असंच चाललं होतं.

शिवाय या गॅलऱ्या नकाशात उघड्या आहेत. प्रत्यक्षात तिन्ही बंद. कोणी ग्रिल लावलं, कोणी विटांचा कठडा चढवला, काकांनी जुन्या फरशीवर नवी फरशी बसवली आणि पाणी आत येऊ नये म्हणून जमीन चांगली वीतभर उचलून घेतली. परवानगी कोणीच काढली नाही. विचारायला कोणी आलंही नाही. आमच्या रांगेतली एकही इमारत नकाशाप्रमाणे उभी नाही, हे बघायला मोजपट्टी लागत नाही, रस्त्यावरून नुसती मान वर केली तरी पुरतं.

एप्रिलमध्ये दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीच्या पोटातून काँक्रीटचा एक तुकडा सुटून काकूंच्या कूलरवर पडला. पत्र्याला खळगा पडला. मी जाऊन पाहिलं. तुकडा निघाला होता तिथे सळई दिसत होती, आणि ती सळई होती म्हणून ओळखायची, इतकी गंजून फुगलेली. खाली काकूंचा पलंग होता.

हीच खरी अडचण. काकूंनी त्या बंद गॅलरीची खोली केली होती. घरात मुलगा-सून एका खोलीत, नात दुसरीत. काकूंचा पलंग, देव्हाऱ्याचा कोनाडा, रेडिओ, सगळं गॅलरीत. डोक्याशी कूलर. उन्हाळ्यात अख्ख्या इमारतीत काकूंइतकं गार कोणी झोपत नव्हतं, असं त्या स्वतःच सांगायच्या.

मी अर्ज केला. इमारतींचं बघणाऱ्या ऑफिसातून एक साहेब आले, गेटात उभे राहून वर पाहिलं, मोबाईलवर फोटो काढला आणि गेटवर नोटीस चिकटवून गेले. इमारत धोकादायक आहे, रहिवाशांनी आपल्या जबाबदारीवर राहावं, स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं. जिन्यावर पाय ठेवला नाही. काकूंचा पलंग पाहिला नाही. मी म्हटलं, "साहेब, मागे चला ना, एकदा बघून घ्या." ते म्हणाले, "मॅडम, नोटीस दिली ना आता. पुढचं तुम्ही करायचं." त्याच दिवशी तीच नोटीस आमच्या ओळीतल्या आणखी काही गेटांवर लागली. त्यानंतर कोणी फिरकलं नाही.

मग मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. ओळखीच्या एका इंजिनिअरला बोलावलं. त्याने मागच्या अंगणातून पाहिलं, काकूंच्या गॅलरीत जाऊन छताला काठीने ठोकलं आणि बाहेर येऊन मला बाजूला घेतलं. म्हणाला, "आधी वजन काढा, पाणी बंद करा. मग टेकू लावू. मग ऑडिट. आणि त्या आजींना तिथे झोपू देऊ नका."

पहिली चार कामं माणसं आणि पैसे जमवून होणारी होती. पाचवं काम काकू होत्या.

"काकू, पलंग हॉलमध्ये घ्या थोडे दिवस."

"काहून वं? मले माह्याच घरातून हाकलून राहिली का?"

"हाकलत नाही हो. वरचं छत सैल झालंय."

"छत सैल झालं, मी तं घट्ट आहो ना! हॉलमधी पोट्टी अभ्यास करते, थे लाइट मालवत नाही. अन् हॉलमधी हवा कुठची? तू झोपून दाखव एक दिवस."

मुलगा बोलून थकला, सून बोलून थकली. नातीने सांगून पाहिलं, तिला उलट सकाळी लवकर न उठण्यावरून ऐकून घ्यावं लागलं. काकूंच्या मते सगळा कांगावा होता आणि त्यामागे त्यांची गार जागा बळकावण्याचा सुनेचा बेत होता. सून बिचारी म्हणाली, "मला बर्फात ठेवलं तरी मी त्या गॅलरीत जाणार नाही."

काकाही ऐकत नव्हते. जिन्यात भेटले की म्हणायचे, "मॅडम, तुमच्या इंजिनिअरले म्हणा, टेंशन नका घेऊ. ही बिल्डिंग आमच्या जमान्यातली आहे. तवाचं सिमेंट म्हणजे सिमेंट!"

"काका, सिमेंट तेव्हाचं आहे, पाणी रोज नवीन पडतंय," माझे यजमान म्हणाले. काका हसले आणि कूलरचा नळ चालूच ठेवला.

शेवटी मी जूनमधला दुसरा रविवार ठरवला आणि प्रत्येकाला घरी जाऊन सांगितलं की पावसाची वाट न बघता कूलर उतरवायचे. बाहेर अंग भाजत होतं. "उन्हाळा सरकारी सुट्टीवर गेला का मॅडम?" असं काकांनी विचारलं. तरी माझ्या दोनदा येण्याला कंटाळून का होईना, सगळे तयार झाले.

क्रम मी लिहून काढला होता. आधी तिसरा मजला, मग दुसरा, मग पहिला. वरचं वजन आधी कमी व्हावं हा हिशोब. मिस्त्रींनाही तेच सोयीचं होतं, दोर एकदाच वर न्यायचा आणि उतरत यायचं.

पण सकाळी काकूंच्या घरात गेले तर काकू पलंगावर मांडी घालून बसलेल्या. माहेरी निघालेल्या बाईसारखं पातळ नीटनेटकं, हातात जुनं फडकं.

"काकू, खाली चला. सगळे पार्किंगमध्येच थांबणार आहेत."

"माहा कूलर निघेपर्यंत मी इथून हालत नाही. माह्या मालकानं सांगून बनवलेला आहे थो. हे पोट्टे त्याले दणादण आपटतीन."

"तुमची पाळी शेवटी आहे."

"मंग मी शेवटपर्यंत बसतो."

मी वर पाहिलं. त्यांच्या डोक्यावर ती फुगलेली सळई होती. वरच्या दोन कूलरांची ओढाताण त्यांच्या डोक्यावर होणार होती. त्यांना वाद घालून उठवणं इतक्या आठवड्यांत जमलं नव्हतं. ती बाई त्या कूलरबरोबरच हलणार होती, हे माझ्या लक्षात यायला इतका वेळ लागला.

मी जिन्यात जाऊन सांगितलं, "क्रम बदला. आधी पहिला मजला. आधी काकूंचा कूलर."

मोठा मिस्त्री वैतागला. "मॅडम, असं उलटं काहून? दोर दोनदा फिरवा लागते."

"लागू दे."

"कागदावर तं तिसरा लिहून होता."

"कागद माझा आहे. चल."

काकूंचा कूलर दोघा मिस्त्रींनी आणि काकूंच्या मुलाने जिन्यातूनच उतरवला. काकू त्याच्या मागोमाग, एक हात पत्र्यावर ठेवून, लेकीच्या पाठवणीला निघाल्यासारख्या. "ए गा, हळू! वळणावर धर खालून! आजकालच्या कागदासारखा पत्रा नाही तो. वाकला तं तुह्या घरून आणशीन का?"

"आजी, आमच्या घरी पंखाच आहे," मिस्त्री म्हणाला.

"मंग तं आणखीनच सांभाळून धर!"

पार्किंगमध्ये नळाजवळ कूलर ठेवला. काकूंनी लगेच ताट्या काढायला लावल्या आणि फडकं घेऊन टाकीतला गाळ पुसायला बसल्या. मिस्त्री वर जायला निघाले तर म्हणाल्या, "आधी पंप काढून द्या. मंग जा." पंपाचा स्क्रू गंजला होता. मिस्त्री तिथेच अडकले. मला मनात राग येत होता की आता सगळा वेळ जाणार.

तिकडे तिसऱ्या मजल्यावर काका वाट बघून कंटाळले आणि त्यांनी आपली टाकी रिकामी करायला घेतली. आमच्याकडे सगळे तसंच करतात: टाकीचं बूच ओढायचं आणि पाणी गॅलरीत सोडून द्यायचं, मोरीतून जाईल म्हणून. काकांची मोरी गवताच्या काड्यांनी तुंबलेली होती. टाकी काठोकाठ भरलेली. पाय भिजू नयेत म्हणून बूच ओढून ते पटकन आत आले. पाणी गॅलरीच्या बाहेरच्या कडेला साचत गेलं, आणि वरचा नळ चालूच होता.

आधी मागच्या अंगणात पाणी पडल्याचा आवाज आला. मी नळाकडे पाहिलं, तो बंद होता. मग ट्रक रिकामा केल्यासारखा आवाज झाला आणि लगेच त्याच्या खाली दुसरा, मग तिसरा. पायाखालची जमीन हादरली. जिन्यातून पांढरी धूळ पार्किंगमध्ये आली, आणि काही वेळ कोणी कोणाला दिसेना.

मी हजेरी घेतली. मोठ्याने, एकेक करून. यजमान भाडेकरूंची किल्ली घेऊन वर निघाले होते, ते जिन्यातच होते. "इथे आहे!" काकू आणि दोघे मिस्त्री पंपाशी. काकूंचा मुलगा त्यांच्यामागे. सून वरून ओरडली की ती आणि पोरगी घराच्या पुढच्या दाराशी आहेत. मी वर तोंड करून काकांना हाक मारली. पुन्हा मारली.

"मी आहो! मी आहो!" काकांचा आवाज आला. यजमान धावत वर गेले. काका बेडरूमच्या दारात उभे होते. दारापलीकडे आकाश होतं. त्यांच्या हातात कूलरचं बूच होतं आणि ते कोणाला द्यावं हे त्यांना कळत नव्हतं.

तिन्ही गॅलऱ्या खाली गेल्या होत्या. अंगणात विटा, ग्रिल, फरशी, दोन चेपलेले कूलर आणि सगळ्यांच्या तळाशी काकूंच्या पलंगाचे दोन पाय. माणूस एकही नाही. मी पुन्हा एकदा मोजलं. सगळे होते.

काकू फडकं हातात घेऊन मागे आल्या, ढिगाऱ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "गादी तं नवीनच भरली होती वं." आणि माझा हात घट्ट धरला. बराच वेळ सोडला नाही. मला त्यांचा इतका राग आला होता, तोही कुठे गेला कळलं नाही. मी आणि त्यांची सून, आम्ही दोघी तिथेच जमिनीवर बसलो आणि हसायला लागलो, धुळीने पांढऱ्या झालेल्या. मिस्त्री पाणी घेऊन आला. म्हणाला, "मॅडम, हा उलटा क्रम चांगला होता."

अग्निशमनची गाडी आली. नंतर ते नोटीसवाले साहेबही आले. या वेळी मागच्या अंगणात गेले. परत येऊन त्यांनी गेटावरच्या नोटिशीचा नीट फोटो काढला, कोपरा सुटला होता तो बोटाने दाबून.

"बरं झालं, नोटीस दिलेली होती," ते म्हणाले.

"कोणाचं बरं झालं साहेब?"

"तुमचंही, आमचंही." त्यांच्याही चेहऱ्यावर सुटका दिसत होती. मी भांडणार होते, पण त्या दिवशी मला कोणाशीच भांडता येईना. सगळे जिवंत होते. मी त्यांना पाणी दिलं.

त्यानंतरचे आठवडे कामाचे गेले. पुढच्या बाजूच्या गॅलऱ्या रिकाम्या करून घेतल्या, टेकू लागले. काकांनी स्वतः प्रत्येक घरात जाऊन कूलरचे नळ बंद केले, आणि सिमेंटबद्दल ते आता काही बोलत नाहीत. ऑडिटसाठी सगळ्यांच्या सह्या झाल्या. काकूंचा पलंग हॉलमध्ये लागला आणि त्यांच्या नातीचं अभ्यासाचं टेबल आमच्या घरी आलं. ती उशिरापर्यंत दिवा लावून वाचते, मला चालतं. रात्री जाग आली तर मी पडल्या पडल्या हॉलमध्ये झोपलेल्या काकूंचा विचार करते आणि पुन्हा झोपते.

एक गोष्ट राहिली आहे. मागच्या बाजूला तिन्ही मजल्यांवर अजून एक दार आहे, आणि ते दार आता कुठेच जात नाही. बाहेरून आम्ही प्लायवूड ठोकलंय. विटांनी बुजवायला गेले तर ऑफिसातून कळलं की बाहेरच्या भिंतीत बदल आहे, रीतसर परवानगी लागेल, अर्ज, नकाशा, इंजिनिअरचा दाखला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आम्ही काही बांधायच्या आधी विचारायला गेलो होतो.

अर्ज दिलाय. गवंडी दोनदा विचारून गेला. काकू सकाळी उठल्या की सवयीने त्या दाराकडे जातात आणि कडीला हात घालतात. सुनेने कडीला कुलूप लावलंय, किल्ली माझ्याकडे ठेवायला दिली आहे. प्लायवूड पावसाने फुगायला लागलं आहे. पहिल्या मजल्याचं दार आधी बुजवायचं, परवानगी आली की लगेच. सोमवारी पुन्हा ऑफिसात जायचं आहे.