हसण्याची खूण

इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या कंपनीत इंटरनेट नवीन आलं, तेव्हा साहेबांना अमेरिकेतल्या मित्रांकडून रोज इंग्रजी विनोद यायला लागले. ते छापून साहेब मजलाभर फिरायचे. त्यांच्या हातात कागद दिसला की एरवी निवांत बसलेल्या इंजिनियरांनाही एकदम काम आठवायचं. मग साहेब पँट्रीत माझ्याकडे यायचे. "साखर थोडीच घाल रे, आणि हे ऐक," म्हणत विनोद मराठीत सांगायचे.

माझी शाळा नववीत सुटलेली. सांगलीहून आलेल्या मला ही चहाची नोकरी साहेबांनीच लावून दिली होती, त्यामुळे हसणं भागच होतं. वकील पोपटाला काय म्हणाला आणि का, ते कधीच कळायचं नाही. पण विनोद संपला की साहेब चष्मा काढायचे. तीच माझी खूण. चष्मा उतरला की मी पोट धरून हसायचो.

एकदा ते कागदाशिवाय आले. म्हणाले, "मला अमेरिकेला पाठवणार होते ना, ते रद्द झालं रे. घरी सगळ्यांना सांगून बसलोय." आणि त्यांनी चष्मा काढला.

मी पोट धरून हसलो.

साहेब डोळे पुसत होते. चहा तसाच ठेवून ते निघून गेले. नोकरी गेली असं धरून मी घरी जाऊन बॅग भरली.

दुसऱ्या दिवशी साहेब कागद घेऊन आले. "हा विनोद आहे हं," त्यांनी आधीच बजावलं, आणि सांगून झाल्यावर जपून चष्मा काढला.

मी हसलो, पण आधी त्यांच्या डोळ्यांकडे नीट बघून घेतलं.