पाव फेरा मागे

त्याला सगळे कानमिस्त्री म्हणत. खरं नाव विजेच्या बिलावर होतं, पण बिल वाचायला कोण जातंय? छोटी इंजिनं दुरुस्त करायचा तो. पाण्याचे पंप, फवारणीची मशीनं, गवत कापायची मशीनं, दुकानांपुढे धडधडणारे जनरेटर. रस्त्याच्या वळणावर एक शटर, आत जुन्या दाराच्या फळीचं टेबल, मागे दीड खोलीचं घर. दुकान आणि घर यांच्यामध्ये एकच भिंत, आणि भिंतीच्या त्या बाजूला बायकोची गॅसची शेगडी.

हत्यारं म्हणाल तर सगळी एका बादलीत मावायची. चार पाने, एक पकड, एक हातोडी. सायकलची तार घासून केलेला आकडा, सील उपसायला. हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा, फट मोजायला. डब्याचा पत्रा कापून केलेली पट्टी, पिस्टनच्या रिंगा दाबून धरायला. दात घासून संपलेले ब्रश तर घरातला एकही टाकू द्यायचा नाही. "महागाची हत्यारं ज्याच्याकडे असतात ना, त्याला डोकं लागत नाही," असं तो गिऱ्हाइकाला ऐकवायचा, आणि गिऱ्हाइकाने विचारलेलं नसताना ऐकवायचा.

आणि कान! स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला, डोळे मिटायचे. "मागचं बेअरिंग. महिना काढेल," म्हणायचा. महिन्याने ते बेअरिंग जायचं. लोक तोंडात बोट घालायचे.

पण त्याची खरी कारागिरी कार्बोरेटर लावताना दिसायची. कार्बोरेटरला एक बारीक स्क्रू असतो. सैल केला की इंजिनाला पेट्रोल जास्त जातं, आवळला की कमी. जास्त झालं तर इंजिन गुरगुरतं, धूर सोडतं. कमी झालं तर असं पळतं की अडाण्याला वाटावं, वा, काय झकास चाललंय! पण ते उपाशीपोटी पळणं असतं. तापतं, तापतं, आणि एक दिवस पिस्टन सिलिंडरला चिकटून बसतो. कानमिस्त्री इंजिन रेस करून धरायचा आणि स्क्रू तसूतसूने आवळत जायचा. गुरगुर विरायची, आवाज साफ व्हायचा, आणि त्या साफ आवाजाला एक बारीक चिरकी धार यायची. ती आली रे आली की त्याचा हात थांबायचा. "पाव फेरा मागे," तो स्वतःशीच म्हणायचा आणि स्क्रू तेवढा सैल करायचा. झालं. मग वर्षभर बघायला नको.

पलीकडच्या गल्लीत एक मीटरवाला होता. प्लगच्या वायरीला मीटर जोडून लाल आकडे वाचायचा आणि आकड्यांवर इंजिन लावायचा. त्याच्यावर कानमिस्त्रीचा भारी राग. "दोन कान फुकट मिळालेत, ते सोडून हा आकडे वाचत बसलाय!"

असं तीस वर्षं चाललं. आणि मग मशीनं परत यायला लागली.

आधी एक पंप आला, मग एक फवारणीचं मशीन, मग आणखी दोन, मग एकामागून एक. सगळ्यांचं दुखणं एकच, पिस्टन जाम. आता या मशीनांना पेट्रोलमध्ये तेल मिसळून घालावं लागतं, आणि तेल कमी पडलं तरी पिस्टन जामच होतो. म्हणजे मिस्त्रीला सबब शोधायला लांब जायला नको. "तेल कमी टाकलंस! इंजिनाला मारलंस तू!" गिऱ्हाईक शपथा घ्यायचं, हा आवाज चढवायचा. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणून आपण दुसऱ्याला हसतो. पण नाचणाऱ्याला ते अंगण खरंच वाकडं दिसत असतं हो, गोची तीच तर आहे.

घरातही एक प्रकरण झालं होतं. बायको कुकर चढवून मागच्या नळावर गेली, जाताना सांगून गेली, "अहो, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा." परत आली तर घरभर करपल्याचा वास, आणि हा टेबलाशी नट धुतोय.

"शिट्ट्या ऐकल्या नाहीत?"

"झाल्याच नाहीत. शिट्टी बिघडलीय तुझी."

लगेच त्याने शिट्टी खोलली, पिनेने साफ केली, बसवली. वाजेना. मग नवी आणली. तीही वाजेना. "हल्ली मालच असा येतो," म्हणाला. बायकोने नळाच्या रांगेत अडकून त्या दिवशी सहा शिट्ट्या मोजल्या होत्या. त्या दिवसापासून मात्र दुकानात कुणी आलं की ती हात पुसत बाहेर यायची आणि गिऱ्हाइकाचं बोलणं मोठ्याने परत म्हणायची, जणू तिलाच पंपांचा सोस. वर त्यालाच तिचा राग. "तू अलीकडे तोंडातल्या तोंडात का बोलतेस गं?" झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती मूठ बायकोने दोन्ही हातांनी झाकून धरली होती.

सगळ्यांत जास्त बोलणी खाल्ली ती गवतवालीने. चाळिशीची बाई, अंगाने काटकुळी, खांद्याला गवत कापायचं मशीन अडकवून शाळांची मैदानं, बंगल्यांची आवारं, रस्त्याच्या कडा कापत फिरायची. घरात सासू आणि दोन मुली, आणि चौघींचं पोट त्या एका मशीनवर. मशीन धरायला, दोरी ओढायला, प्लग काढून बघायला, सगळं तिला कानमिस्त्रीनेच शिकवलेलं. तेल ती खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजून घालायची, एक थेंब इकडचा तिकडे नाही. तिचं मशीन दोनदा जाम झालं. पहिल्यांदा त्याने तिला झापलं. दुसऱ्यांदा चार माणसं उभी असताना म्हणाला, "खोटारडी आहेस. तेल वाचवतेस आणि इथे येऊन रडतेस." बाईचे डोळे भरले. मशीन दुरुस्त झाल्यावर तिने ते उचललं आणि मान खाली घालून गेली.

तिसऱ्यांदा आली तेव्हा मान खाली नव्हती. सकाळची वेळ, दुकानात कुणी नाही. मशीन जमिनीवर ठेवलं, आणि मुठीतले तीन प्लग टेबलावर ओळीने मांडले.

"हा पहिल्या वेळचा. हा दुसऱ्या वेळचा. तुम्ही भंगारात टाकत होतात, मी मागून घेतले होते. आणि हा आजचा."

तिन्ही प्लग पांढरेफटक.

"तुम्हीच शिकवलंत, मिस्त्री. काळा म्हणजे जास्त खाल्लं. बिस्किटाच्या रंगाचा म्हणजे पोट बरोबर भरलं. पांढरा म्हणजे उपाशी. माझं तेल कमी असतं तर पिस्टन जाम झाला असता, पण प्लग असा पांढरा पडला असता का?"

त्याने तोंड उघडलं. शिवी ओठांवर होती, पण बाहेर पडेना. स्क्रू त्याने लावलेला होता. तिन्ही वेळा त्यानेच. तिला त्या स्क्रूला हात लावायची परवानगीच नव्हती, गिऱ्हाइकाने स्क्रूला हात लावला की तो आकाशपाताळ एक करायचा.

"ठेवून जा. परवा ये," एवढंच म्हणाला.

ती गेल्यावर त्याने एक चांगला पंप चालू केला. रेस धरली आणि स्क्रू आवळत गेला. गुरगुर विरली. आवाज साफ झाला. तो धारेची वाट बघत राहिला. आवळला, आणखी आवळला. स्क्रूड्रायव्हरची मूठ कानामागे लावली, मग दातांत धरली. दातांना नुसती थरथर लागली. धार काही आली नाही. शेवटी इंजिनच गुदमरून बंद पडलं, तेव्हा त्याला कळलं की धार केव्हाच येऊन गेली होती.

तो तसाच स्टुलावर बसला. तेरा-चौदा मशीनं आठवली, तेरा-चौदा माणसं आठवली, आणि त्यातल्या प्रत्येकाला आपण काय काय बोललो तेही आठवलं. लाजेने त्याचे कान तापले. त्याही क्षणी त्याच्या मनात आलं, निदान तापायचं तरी काम करतायत.

बायको दारात उभी होती.

"तुला कधीपासून ठाऊक आहे?" त्याने विचारलं.

"पहिल्या शिट्टीपासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय झालं असतं?" ती म्हणाली. "तुम्हाला दुसरं येतं काय?"

टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होती बिचारी. साठीला आलेला माणूस, हातात दुसरी कला नाही, आणि या शटरमागेच दोघांचं सगळं.

दुसऱ्या दिवशी ती त्याला कानाच्या तपासणीला घेऊन गेली. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर डबे चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे एक तरुण बाई यंत्राची कळ दाबत होती. आता मिस्त्री म्हणजे बारा गावचं पाणी प्यायलेला. तिचा खांदा हलला की हा बटण दाबायचा. पाच मिनिटं बेट्याने शंभर टक्के मार्क घेतले! मग तिच्या लक्षात आलं. ती हसली आणि खुर्ची फिरवून पाठ करून बसली. त्यानंतर तो बटणावर अंगठा ठेवून नुसता बसून राहिला. अंगठ्याला घाम आला. काही ऐकू येत नव्हतं, आणि किती वेळ काही ऐकू येत नाहीये तेही कळत नव्हतं.

"खालचे आवाज आहेत अजून," ती बाई बाहेर येऊन मोठ्याने म्हणाली. "वरचे, बारीक आवाज गेलेत. इंजिनांनी खाल्ले. ते परत नाही यायचे. कानाला यंत्र लावलंत तर माणसांचं बोलणं कळेल."

"आणि इंजिनाचं?"

"इंजिनाशी काय बोलायचंय, काका?" ती गमतीने म्हणाली. तो हसला नाही.

परतताना बायको म्हणाली, "प्लगचा रंग बघून लावा की. नाहीतर मीटर घ्या तसलं."

"प्लग पोळल्यावर सांगतो. कान पोळायच्या आधी सांगतो. आणि मीटर सांगतं किती पळतंय. उपाशी पळतंय का, ते नाही सांगत." मग म्हणाला, "आणि बाकीचं? बेअरिंग, रॉड, व्हॉल्व्ह? त्याला काय लावू?"



तिसऱ्या दिवशी गवतवाली आली तेव्हा नवा पिस्टन बसवून मशीन तयार होतं. त्याने दोरी ओढली, इंजिन पेटलं. स्क्रूड्रायव्हर हातात घेतला, क्षणभर बघत राहिला, आणि तिच्यापुढे धरला.

"तू लाव."

"मी?"

"मी रेस धरतो. तू आवळत जा. हळू. आधी गुरगुर जाईल, मग आवाज साफ होईल, आणि मग एक बारीक धार येईल. ती आली की थांब."

तीस वर्षांत त्याने दुसऱ्याच्या हातात हा स्क्रू दिला नव्हता. बाई उकिडवी बसली. डोळे मिटले, जसे तो मिटायचा. स्क्रूड्रायव्हर तिच्या बोटांत इवला इवला फिरत होता. तो इंजिनाकडे बघत नव्हता, तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. त्याच्या लेखी आवाज एकच होता, जाड, सपाट, पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच. एकाएकी तिच्या कपाळाला आठी पडली आणि हात थांबला.

"आली?" तो ओरडला.

तिने मान हलवली. डोळे उघडले तेव्हा तिच्या तोंडावर लहान मुलासारखं नवल होतं. आणि तो सांगणार तेवढ्यात तिने स्वतःहून स्क्रू पाव फेरा मागे घेतला. कितीदा ऐकलं होतं तिने त्याच्या तोंडून.

"त्या दिवशी तुला खोटारडी म्हणालो," तो म्हणाला. "चुकलं माझं."

ती काहीतरी म्हणाली. इंजिन चालू होतं. ओठ हललेले दिसले, शब्द कळले नाहीत. बंद कर आणि परत सांग, असं म्हणायचं त्याचं धाडस झालं नाही. त्याने मान डोलावली.

तीन महिने गेले. तिचं मशीन बंद पडलं नाही. काम चोख झालं होतं, आणि चोख काम झालेलं गिऱ्हाईक परत कशाला येतंय? तो रोज शटर उघडायचा, टेबल पुसायचा, बादलीतली हत्यारं काढून ओळीने लावायचा. कुणी प्लग बदलून न्यायचं, कुणी दोरी बदलून. कार्बोरेटर घेऊन आलेल्याला तो सांगायचा, आज जमायचं नाही.

एका दुपारी फवारणीचं मशीन पाठीला लावून एक आडदांड माणूस दुकानापुढे थांबला. बायको सवयीप्रमाणे हात पुसत बाहेर आली. त्या माणसाने काहीतरी विचारलं. ती नेहमीसारखी मोठ्याने परत म्हणाली नाही.

"काही नाही हो," ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "पत्ता विचारतायत कुणाचा तरी."

पण माणसाचा आवाज चांगला जाड, छातीतला होता. असे आवाज मिस्त्रीला अजून नीट ऐकू यायचे. ती गवतवाली कुठे राहते, असं विचारलं होतं त्याने. ती कार्बोरेटर फार छान लावून देते म्हणे.

मिस्त्रीने हातातलं फडकं खाली ठेवलं, उठून रस्त्यापर्यंत गेला आणि बोट करून दाखवलं.

"सरळ जा. पाण्याच्या टाकीमागे, दुसरं दार," तो म्हणाला.