योकेबाईंची डायरी

योकेबाईंच्या संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं होतं. इथे हॉलंडमध्ये घरोघरी ते तिथेच असतं. पण लायडनच्या आमच्या गल्लीत राणीचं अख्खं खानदान फक्त त्यांच्याच कॅलेंडरात होतं, मुलगे, सुना, नाती, सगळे शाईत. माझं नाव पेन्सिलीत. "शाई टिकणाऱ्यांसाठी. तुम्ही व्हिसावाले," त्या म्हणाल्या होत्या. एक नाव मात्र ब्लेडनं खरवडलेलं होतं. ते त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं, मार्लेसचं. आईला न आवडणाऱ्या माणसाबरोबर ती राहायला गेली, एवढाच तिचा गुन्हा.

नवऱ्याच्या नोकरीपायी मी पुण्याहून आले, तेव्हा या शेजारणीनंच मला सायकल शिकवली. "पडलीस तर पड. रडायचं ते घरी जाऊन." बाई कडू होती, पण मला आवडायची.

त्या वर्षी राजघराण्यात धाकटी राजकन्या जन्मली. योकेबाईंनी कुरकुरीत टोस्टवर लोणी लावून, वर नारिंगी साखरेतली बडीशेप पेरून, बाळ झालं की इथे वाटतात तसे, ते गल्लीभर वाटले. त्याच आठवड्यात मार्लेसचं कार्ड आलं, मुलगी झाल्याचं. माझ्यादेखत त्यांनी ते रद्दीत टाकलं. मी गुपचूप उचललं आणि तिला फोन लावला, बाळाला घेऊन आईकडे ये म्हणून.

"आईला विचारलंस?" मार्लेसनं विचारलं.

"त्यात विचारायचं काय? आईच ती!"

आपल्याकडे पहिलटकरीण माहेरीच येते. नात मांडीवर पडली की आजी विरघळणारच, असं मी धरून चालले. इथे सख्खी बहीणसुद्धा वेळ ठरवल्याशिवाय येत नाही, हे ठाऊक असूनही.

राजकन्येच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी मार्लेस तान्ह्या बाळाला घेऊन दारात उभी राहिली. मी ओटीचा नारळ घेऊन मागे. योकेबाईंनी बाळाकडे पाहिलंच नाही. आत जाऊन भेटीच्या वेळा लिहायची डायरी आणली, पान उघडलं.

"आज शनिवार. शनिवारी माझ्याकडे कुणी यायचं नाहीये."

दार बंद झालं. खिडकीतून टीव्ही दिसत होता. छोट्या राजकन्येच्या डोक्यावर पाणी घालत होते, आणि योकेबाई डोळे पुसत होत्या. मार्लेस माझ्याकडे न पाहता बाळाला घेऊन परत फिरली.

दोन वर्षांनी योकेबाईंना कॅन्सरनं गाठलं. शेवटच्या आठवड्यात त्या मला म्हणाल्या, "मार्लेसला बोलाव." या वेळी तरी मी आईला न विचारता बोलावत नव्हते.

"आज कोणता वार?" फोनवर मार्लेसनं शांतपणे विचारलं.

"मंगळवार."

पानं उलटल्याचा आवाज आला. "मंगळवारी माझ्या डायरीत आई नाही."

खोलीत परतून मी थाप मारली, "गाडी चुकली तिची. येतेय."

"खोटं. काय म्हणाली ते सांग."

मी सांगितलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी, राजकन्यांचे फोटो त्या बघायच्या तेव्हाच पाहिलं होतं. अभिमान.

"माझीच आहे," त्या म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.