तिर्रीची जोडी आणि खिडकीजवळची खुर्ची

पहिल्यांदा एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी नाक मुरडायला नको. मी पत्ते खेळते, आणि पैसे लावून खेळते. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की पदर खोचते, चप्पल पायात घालते आणि गोंदियातल्या एका राइस मिलच्या ऑफिसात जाऊन पाच पुरुषांमध्ये बसते. नणंदेने एकदा विचारलं, "भाऊ जाऊन वर्ष नाही झालं, आन् तू पत्ते कुटून राहिली? लाज नाही वाटत तुले?" मी म्हटलं, "नाही." तेव्हापासून ती माझ्याशी धड बोलत नाही. नको बोलू दे.

मी बसची कंडक्टर आहे. गोंदिया ते अर्जुनी मोरगाव आणि परत. दारात लटकलेल्या माणसांना "आत सरका, मधात जागा आहे" असं ओरडून सांगण्यात माझी उमर गेली. त्यामुळे पाच पुरुष, आणि तेही गुपचूप बसलेले, म्हणजे मला त्याचं काही विशेष वाटत नाही.

ती खुर्ची मुळात माझ्या नवऱ्याची. तो डेपोत मेकॅनिक होता. सुट्टीच्या दिवशी मिलवाल्या सेठजींचे ट्रक बघून द्यायचा, त्यातून ओळख झाली आणि ओळखीतून रविवारचा डाव. टेबल ऑफिसचंच, त्याच्याभोवती सहा खुर्च्या. सातवी घुसवायला जागाच नाही. खिडकीजवळची त्याची, कारण त्याला धुळीचा त्रास होता, आणि मिल बंद असली तरी त्या खोलीतली कोंड्याची धूळ काही सुट्टी घेत नाही.

आधी ते सगळे तीन पत्ती खेळायचे. मग त्यांच्यातल्या मेडिकलवाल्याने मोबाईलवर होल्डेम नावाचा पोकर शिकून आणला. मोबाईलवरचा पैशाचा खेळ पुढे कायद्याने बंद झाला, टेबलावरचा राहिला. खेळ समजायला सोपा आहे. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात. मग मधात उघडे येतात, आधी तीन, मग एक, मग आणखी एक. मधले सगळ्यांचे, हातातले आपले, आणि त्यांतून ज्याचे पाच पत्ते भारी तो जिंकला. दरवेळी बोली लागते आणि बोलीला मर्यादा नाही. मनात आलं तर पुढ्यातला सगळा ढीग एका झटक्यात मधात ढकला. ढीग म्हणजे प्लॅस्टिकच्या रंगीत चकत्या. पैसे देऊन त्या सेठजींकडून घ्यायच्या. उरल्या तर सेठजी त्या तांदळाच्या सॅम्पलच्या पिशवीत बांधून, वर नाव टाकून कपाटात ठेवतात. संपल्या तर पुन्हा पैसे टाका, नव्या घ्या आणि बसा. कोणाला कोणी अडवत नाही.

आता तीन पत्तीवाल्यांची एक खोड असते. तिथे हातात जोडी आली की माणूस छाती काढून बसतो, मग ती दुर्रीची का असेना. तीच सवय हे सगळे होल्डेममध्ये घेऊन आले. आणि इथे छोटी जोडी, म्हणजे दुर्रीपासून छक्कीपर्यंतची, नुसती दिसायला बरी. मधात राजा, राणी, गुलाम उघडले की कोणाची ना कोणाची मोठी जोडी लागतेच, आणि तुमच्या दोन चौक्या तोंड पाहत बसतात. छोट्या जोडीचं खरं काम एकच. स्वस्तात आत शिरायचं आणि मधल्या पहिल्या तीन पत्त्यांत आपला तिसरा भाऊ येतो का ते बघायचं. आठ वेळा शिरलं तर एखाद वेळी येतो. आला की तिकडी झाली, आणि ती कोणाला दिसत नाही, कारण दोन पत्ते तर आपल्या मुठीत आहेत. नाही आला की मुकाट्याने फेकायचं. शिरतानासुद्धा समोरच्याच्या पुढ्यात ढीग आहे का ते बघायचं. ज्याच्याजवळ दोन चकत्या उरल्या त्याच्याकडून तिकडी लागून तरी काय मिळणार, राख?

माझ्या नवऱ्याला हे शेवटपर्यंत जमलं नाही. रविवारी संध्याकाळी तो घरी यायचा आणि सगळा डाव मला पहिल्यापासून सांगायचा. मी तांदूळ निवडत असायची.

"हातात चौकीची जोडी होती," तो म्हणायचा.

"मधात काय आलं?"

"राजा, गुलाम, अठ्ठी."

"मग थांबले कायले?"

"अवो, आलेली जोडी फेकू का मी?"

"फेका ना! नाही त लोणचं घाला तिचं!"

तो खो खो हसायचा आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच करून यायचा. मग रात्रीचं जेवण होईपर्यंत आम्ही पलंगावर पत्ते मांडून तोच डाव दुसऱ्या तऱ्हेने खेळायचो. पोरंबाळं आम्हाला नाहीत. आमची रविवारची संध्याकाळ म्हणजे हेच बोलणं होतं, आणि मला ते फार आवडायचं. कोणी काही म्हणो, मी त्या संध्याकाळसाठी सोमवारपासून वाट बघायची.

तो हार्ट अटॅकने गेला. तेरवीला सेठजी आले, हात जोडले, आणि पिशवीतून दुसरी पिशवी काढली. आत त्याच्या चकत्या होत्या. "भाभी, ये भाईसाब की अमानत. जितना बनता है, पूरा पैसा दे देता हूं."

मी पिशवी हातात घेतली. गाठ त्याने स्वतः मारलेली होती, ट्रकच्या ताडपत्रीला मारतात तशी. पैसे घेतले की ही पिशवी गेली, खुर्ची गेली, रविवार गेला, हे मला तिथल्या तिथे कळलं. मी म्हटलं, "पैसे नको. मी येते रविवारी खेळायला."

आजूबाजूच्या बायांनी तोंडाला पदर लावला. सेठजी गडबडले. माणूस वाईट नाही ते, पण तेरवीच्या मांडवात विधवा बाई पत्ते खेळते म्हणाली तर कोण काय बोलणार? शेवटी म्हणाले, "ठीक है भाभी. जब तक भाईसाब का माल है, तब तक कुर्सी आपकी." मग हळूच जोडलं की त्यांचा भाचा बऱ्याच दिवसांपासून जागा मागतो आहे. या चकत्या संपल्या की खुर्ची त्याला.

म्हणजे गोष्ट साफ होती. पिशवी रिकामी झाली की मी घरी.

पहिल्या रविवारी त्यांना वाटलं बाई तासाभरात उडते. मी उडाली नाही. छोटी जोडी आली की स्वस्तात शिरायची, तिसरा नाही आला की फेकायची. महागात तर शिरायचीच नाही. सेठजी हसायचे, "भाभी फिर भाग गई!" आमच्यात एक रिटायर्ड गुरुजी आहेत, अस्सल झाडीपट्टीतले. एकदा मी फेकलेले पत्ते त्यांना चुकून दिसले, दोन पंज्या. त्यांचा जीव कळवळला. "बाई, जोडी होती ना वो! काऊन फेकली?"

"जोडी होती म्हणूनच फेकली, गुरुजी."

"कमाल आहे बापा," असं म्हणून त्यांनी चहा घेतला.

मला पळपुटी म्हणायचे, म्हणू दे. मी रोज साठ लोकांची बस सांभाळते, मला कोणी धीर शिकवायची गरज नाही. एका रविवारी माझ्या दोन छक्क्यांना तिसरी छक्की मिळाली आणि मेडिकलवाला दोन एक्के घेऊन अंगावर आला. त्याचा पूर्ण ढीग माझ्याकडे सरकला तेव्हा त्याने माझे पत्ते उलटसुलट करून पाहिले, खोटे आहेत की काय म्हणून. त्या दिवशी पिशवीची गाठ बसेना इतकी ती भरली. घरी जाऊन मी पलंगावर पत्ते मांडले आणि मोठ्याने बोलली, "पाहिलं? असं असते." ऐकायला कोणी नव्हतं. रडली मी खूप. पण जिंकून रडली, हेही लिहून ठेवते.

असे चार-सहा महिने गेले. मग तो रविवार आला. भाचा त्या दिवशी आधीच येऊन बाजूच्या दिवाणावर बसला होता. तिशीतला, कडक इस्त्रीचा शर्ट, सारखा माझ्या चकत्यांकडे बघणारा. त्याला बघून माझं डोकं आधीच तापलं होतं. बाहेर बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान घिरट्या घालत होतं, गुरुजी पत्ते पिसत होते, सगळं नेहमीसारखं.

मला दोन तिर्र्या आल्या. सेठजींनी बोली लावली, मोठी नव्हती, आणि त्यांच्या पुढ्यात माझ्याएवढाच ढीग होता. मी शिरले. बाकीच्यांनी फेकले.

मधात आलं राणी, तिर्री, नव्वी.

तिसरी तिर्री! तोंडावर मी ड्युटीचं तोंड ठेवलं. सेठजींनी बोली लावली, मी वाढवली नाही, नुसती तेवढी भरली. चौथा पत्ता पंजी. सेठजींनी आणखी मोठी बोली लावली. मी मधातल्या पत्त्यांकडे पाहिलं. माझ्या वर जायला त्यांच्याकडे पंज्यांची, नव्व्यांची नाही तर राण्यांची जोडी पाहिजे, असं नशीब महिन्यातून एकदा येते. मी दोन्ही हातांनी सगळा ढीग मधात ढकलला. नवऱ्याच्या चकत्या, मी जिंकलेल्या चकत्या, सगळ्या.

सेठजी थांबले नाहीत. "चलो भाभी," म्हणाले आणि भरलं. शेवटचा पत्ता आला दुर्री. मी तिर्र्या उघडल्या. गुरुजी "अगा बाबो" म्हणाले. मग सेठजींनी एक राणी ठेवली आणि तिच्या बाजूला दुसरी.

तिकडीवर तिकडी. तीन राण्या.

मी सांगते, मी काही चुकले नाही. तो डाव आज वाटला तर आज तसाच खेळेन, उद्या वाटला तर उद्याही. त्या जागी थांबायचं नाही तर छोट्या जोडीने शिरायचंच कशाला? नवरा असता तर संध्याकाळी मी त्यालासुद्धा म्हटलं असतं, आज तुमचं काही चुकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं असतं. हे मनात आलं आणि डोळे भरून आले, आणि याच लोकांसमोर भरून आले याचा मला संताप आला.

सेठजींनी चकत्या ओढल्या नाहीत लगेच. खरंच वाईट वाटलं असावं त्यांना. "भाईसाब का खेल शान से खतम हुआ," ते म्हणाले. "बैठो, चाय पीके जाना." चहा पिऊन जा म्हणे! भाचा दिवाणावरून उठला आणि येऊन माझ्या मागे उभा राहिला. त्याने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. त्याची बोटं माझ्या खांद्याला लागली.

टेबलावर रिकामी पिशवी होती. मी ती घडी करून पर्समध्ये ठेवली आणि पर्समधून पैसे काढले. तिकिटांचे नाहीत, माझ्या पगाराचे. सेठजींच्या पुढे ठेवले.

"चकत्या द्या."

"भाभी, बात हुई थी ना अपनी..."

"बात त्यांच्या मालाची झाली होती, सेठजी. त्यांचा माल संपला, ते उठले. हे माझे पैसे आहेत. आता मी बसून राहिली."

"लेकिन वो तो..."

"हा मेडिकलवाला आज दोनदा संपला. त्याला चहा पाजून घरी पाठवलं का तुम्ही?"

मेडिकलवाल्याने खाली मान घातली. सेठजी पैशांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग माझ्या डोक्यावरून भाच्याकडे. मी वळले नाही. बसच्या दारात उभ्या माणसाला सांगते त्याच आवाजात सांगितलं, "हात काढा खुर्चीवरून. जागा भरली आहे."

हात लगेच निघाला नाही. तेवढ्यात गुरुजींनी पत्त्यांचा गठ्ठा टेबलावर आपटला. "वाटू का गा मी? का इथंच उन्हाळा काढता?"

सेठजींनी कपाट उघडलं आणि चकत्या मोजून माझ्यापुढे सरकवल्या. नवी पिशवीही काढली आणि पेन हातात घेऊन विचारात पडले, वर काय लिहायचं म्हणून. मी माझं नाव सांगितलं. इतक्या महिन्यांत त्यांना ते माहीतच नव्हतं.

मागून हात निघाला. गुरुजींनी वाटलं. मी पत्त्यांचे कोपरे उचलून पाहिले, सत्ती आणि दुर्री, त्याहून रद्दी पत्ते या खेळात नाहीत. मी ते फेकले आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.